पाढ्यांचे अध्यापन : पाठांतराला आकलनाची जोड

प्राथमिक शाळेतील गणिताच्या अध्यापनाचा विचार करू लागले म्हणजे पाढ्यांचा प्रश्न सर्वप्रथम पुढे उभा राहतो. बेरीज आणि वजाबाकी मूल बोटांच्या साहाय्याने कशीबशी निभावून नेते. परंतु भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी, क्षेत्रफळ, व्याज या पुढील पायऱ्या पाढ्यांवाचून चढता येत नाहीत. चौथीतील एखादा विद्यार्थी ४५६ ला ८ ने भागावयास बसतो. भागाकाराची रीत त्याला ठाऊक असते. परंतु ४५ मध्ये ८ किती वेळा जातात हे ठरविण्यासाठी तो ‘आठ एके आठ’पासून आरंभ करतो, पाचापर्यंत पोचतो, सहाव्या ओळीवर अडखळतो आणि पुन्हा मागे येतो. ५ हा अंक भागाकारात लिहून होईपर्यंत आपण कोणत्या पायरीवर होतो याचे त्याला विस्मरण झालेले असते. पुढे ५६ उरले की तोच खटाटोप नव्याने सुरू होतो. गणित कच्चे म्हणून ज्या मुलांना आपण बाजूला काढतो त्यांतील कित्येकांची बुद्धी मुळीच कच्ची नसते. पाढ्यांच्या शोधात ती वाटेतच थकलेली असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांना अग्रस्थान देण्यात आले आणि त्यानुसार जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियानास प्रारंभ झाला. तिसरी इयत्ता पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास वाचन, लेखन आणि साधी गणिती क्रिया यावी, हे त्याचे उद्दिष्ट होय. पाढ्यांचा पाया नेमका याच काळात घातला जातो. आपल्या राज्यातील एका मोठ्या वर्गाच्या बाबतीत मात्र हाच काळ अडचणीचा ठरतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. ज्या महिन्यांत वर्गात सहा, सात, आठ यांचे पाढे चाललेले असतात, त्या महिन्यांत या कुटुंबांतील अनेक मुले फडावर असतात. केवळ तालावर पाठ केलेला पाढा चार-सहा महिन्यांच्या खंडानंतर विरून जातो, आणि तो नव्याने उभा करण्याचे साधन मुलाजवळ नसते. पाढा विसरला तरी तो पुन्हा तयार करता यावा, अशा रीतीने तो शिकविला गेला पाहिजे, ही अपेक्षा या मुलांच्या दृष्टीने अत्यंत निकडीची आहे.

जुनी परंपरा

महाराष्ट्रात पाढ्यांच्या पाठांतराची परंपरा मोठी आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविण्याइतकेच महत्त्व पाढ्यांना असे. सायंकाळी दिवेलागणीनंतर घराघरांतून मुले परवचा म्हणत. त्यात श्लोक, तिथी, वार, महिने, नक्षत्रे यांच्या जोडीला पाढेही असत. ‘पाढा’ हा शब्दच पठणाशी नाते सांगणारा आहे. बे पासून तीसपर्यंतचे पाढे झाल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अकरापासूनच्या दोन अंकी संख्यांच्या आपसांतील गुणाकारांसाठी अकरकी असे.

हा सर्व व्याप निष्कारण नव्हता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे पावशेर, अदपाव आणि नवटाक. अशा मोजणीत दशांश चिन्ह कामास येत नाही. पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या पटीच तोंडपाठ हव्यात. सव्वातीन आणे भावाने अडीच शेर गुळाचे किती, हा हिशेब दुकानदाराचा मुलगा कागद-पेन्सिलीवाचून करीत असे तो याच तयारीवर. दिनांक १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, पुढील वर्षापासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली, आणि अपूर्णांकांच्या या पाढ्यांचा व्यवहारातील आधार सुटला. पाठ्यक्रमातून ते मागे पडले यात नवल नाही.

इंग्लंडमध्येही असाच प्रकार आढळतो. तेथे बाराचा पाढा आवर्जून शिकविला जाई, कारण १९७१ पर्यंत शिलिंगाचे बारा पेन्स होते. नाणे बदलले तरी बाराचा पाढा टिकून राहिला. २०२२ पासून तेथील चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाढ्यांची चाचणी सक्तीची झाली, तीतही बारापर्यंतचे पाढे आहेत. पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकी सहा सेकंद असे तिचे स्वरूप आहे. सहा सेकंदांची ही मर्यादा शिक्षकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. तेवढ्या अवधीत आरंभापासून पाढा म्हणून उत्तरापर्यंत पोचणे कठीण. उत्तर थेट आठवावे लागते किंवा जवळच्या उत्तरावरून झटकन काढावे लागते.

जुन्या पद्धतीचे गुण मान्य केलेच पाहिजेत. एकसुरात म्हटलेला पाढा कानात बसतो. लाजरे मूलही समूहात आवाज मिसळते. पुस्तक-पाटी नसली तरी चालते. परंतु तिच्यातील वैगुण्यही तितकेच स्पष्ट आहे. साखळीतील कडी मधूनच उचलता येत नाही. ‘सात आठे किती?’ असे विचारताच मूल ‘सात एके सात’पासून निघते. पाढा म्हणता येणे आणि पाढा येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम अर्थ, मग ताल

पाढ्यांतील शब्दांतच त्यांचा अर्थ दडलेला आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘दुणे’ म्हणजे दुप्पट. ‘त्रिक’ म्हणजे तिघांचा समूह. ‘चोक’ हा चतुष्काचा वंशज, म्हणजे चारांचा समूह. ‘तीन चोक बारा’ म्हणताना तीन वेळा चारांचा समूह मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहावयास हवा. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. मूठभर चिंचोके, गारगोट्या किंवा बाटल्यांची झाकणे पुरेशी आहेत. चार-चार चिंचोक्यांच्या तीन ओळी जमिनीवर मांडाव्यात आणि मुलास मोजावयास सांगावे. नंतर त्यालाच उठवून कडेला नेऊन बसवावे. आता त्याला तीन-तीन चिंचोक्यांच्या चार ओळी दिसतात. एकही चिंचोका हललेला नाही. तेव्हा तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा ही एकच गोष्ट होय. हा क्रमनिरपेक्षतेचा नियम फळ्यावर लिहून समजाविण्यापेक्षा जागा बदलून बसल्याने चटकन उमगतो.

या एका नियमाने पाढ्यांचे निम्मे ओझे हलके होते. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार येतात. जोड्या सारख्या धरल्या की निरनिराळे असे केवळ पंचावन्न उरतात. (‘पुन्हा पाढे पंचावन्न’ या म्हणीशी या पंचावन्नाचा काही संबंध असल्याचा पुरावा नाही, पण वर्गात सांगितले तर मुलांना गंमत वाटते आणि संख्या ध्यानात राहते.) या पंचावन्नांतून एकाचे दहा गुणाकार वगळावेत, कारण त्यांत शिकण्यासारखे काही नाही. पंचेचाळीस उरले. दहाचे नऊ वगळले, छत्तीस उरले. बेचे आठ दुपटीने येतात; अठ्ठावीस उरले. पाचाचा पाढा दहाच्या पाढ्याच्या निम्मा. त्याचे सात गेले, एकवीस उरले. नवाच्या पाढ्यास स्वतःची युक्ती आहे, ती पुढे सांगितली आहे. त्याचे सहा गेले, पंधरा उरले. या पंधरांत तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, सहा सक छत्तीस, सात साते एकोणपन्नास आणि आठ आठे चौसष्ट हे पाच वर्ग आहेत, आणि ते मुलांच्या लवकर लक्षात राहतात. शेवटी राहिले केवळ दहा: तीन चोक, तीन सक, तीन साते, तीन आठे, चार सक, चार साते, चार आठे, सहा साते, सहा आठे आणि सात आठे.

हा हिशेब शिक्षकाने मुलांसमवेत करावा, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दहा गुणिले दहा चौकटींचा तक्ता करावा आणि येणाऱ्या चौकटी एकेक करून रंगवीत जावे. शंभर गोष्टी पाठ करावयाच्या आहेत या धास्तीने जे मूल हातपाय गाळून बसलेले असते, त्याला शेवटी दहाच कोऱ्या चौकटी दिसतात. त्यांतही तिनाचे गुणाकार म्हणजे दुप्पट अधिक एक पट आणि चाराचे म्हणजे दुपटीची दुप्पट. खऱ्या अर्थाने चिवट असे ४२, ४८ आणि ५६ हे तीनच. या तिघांसाठी आठवडाभर खर्च झाला तरी तो वाया गेला असे समजू नये.

येणाऱ्यावरून न येणारे

पाढे एकापुढे एक, म्हणजे दोन, तीन, चार, पाच याच क्रमाने शिकविले पाहिजेत असा दंडक नाही. बे, दहा आणि पाच हे तीन प्रथम घ्यावेत. बेवरून चार आणि चारावरून आठ दुपटीने येतात: सात दुणे चौदा, म्हणून सात चोक अठ्ठावीस, म्हणून सात आठे छप्पन्न. तिनावरून सहा असाच येतो. सात हा एकटा पडतो. त्यासाठी पाच अधिक दोन असे तुकडे करावेत. सात आठे म्हणजे पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. फडावरील कोपीत बसलेल्या मुलास सातचा पाढा आठवला नाही तरी बे आणि पाच यांच्यावरून तो त्याला पुन्हा बांधता येतो. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा माहीत असल्या म्हणजे एक दुसरीची पडताळणीही करते.

नवाच्या पाढ्यात दशकाचा अंक ज्या संख्येने गुणले तिच्याहून एकाने कमी असतो, आणि दोन अंकांची बेरीज नऊ येते. नऊ साते त्रेसष्ट: सातातून एक गेला सहा, सहात तीन मिळविले म्हणजे नऊ. हे दहाही बोटांवर दाखविता येते. दोन्ही हात पुढे धरून डावीकडून सातवे बोट मिटावे. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे सहा आणि उजवीकडे तीन बोटे राहतात. हे असे का घडते याचे उत्तरही सोपे आहे. सात दाहे सत्तर, त्यातून सात वजा.

सहा ते नऊ या संख्यांच्या आपसांतील गुणाकारांसाठी बोटांची आणखी एक जुनी रीत आहे. पाचाच्या वर जितके, तितकी बोटे एका हाताची उभी करावयाची. सातासाठी एका हाताची दोन, आठासाठी दुसऱ्या हाताची तीन. उभी बोटे पाच, म्हणजे पाच दशक, पन्नास. मिटलेली बोटे तीन आणि दोन, त्यांचा गुणाकार सहा. उत्तर छप्पन्न. सहा आणि सात यांसाठी उभी बोटे तीन, म्हणजे तीस, मिटलेली चार आणि तीन, गुणाकार बारा, मिळून बेचाळीस. चारापर्यंतचे पाढे येत असले की ही रीत जमते. मुलांना ती फार आवडते. तथापि ही कुबडी आहे, पाय नव्हे. उत्तर आपोआप आठवू लागले की मूल ती स्वतःच टाकून देते, आणि तोवर तिला हरकत घेऊ नये.

अकराच्या पुढे

अकरा ते तीस या पाढ्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी ते सर्व तोंडपाठच हवेत म्हणतो, कोणी त्यांची गरजच नाही म्हणतो. वस्तुतः दहापर्यंतचे पाढे पक्के असतील तर पुढील पाढे तुकडे पाडून मनातल्या मनात येतात. तेरा साते म्हणजे दहा साते सत्तर आणि तीन साते एकवीस, मिळून एक्क्याण्णव. ही रीत परकीय नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण घेऊन बाराचे आठ आणि चार असे खंड पाडून, तीन आणि चार असे अवयव पाडून, तसेच स्थानांप्रमाणे वेगळे करून तोच १६२० हा गुणाकार अनेक वाटांनी काढून दाखविला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. आठशे वर्षांपूर्वी याच मातीत गुणाकाराचे अनेक मार्ग शिकविण्याची सोय होती, हे आपल्या शिक्षकांना ठाऊक असावयास हवे.

मराठी संख्यानामांत या रीतीला एक अनपेक्षित साहाय्य आहे. एकोणीस, एकोणतीस या शब्दांत ‘एक उणा’ ही वजाबाकी सांगितलेलीच आहे. एकोणतीसचा पाढा अवघड म्हणून प्रसिद्ध. परंतु तीसच्या पाढ्यातून तितकेच उणे केले की तो सुटतो. तीस साते दोनशे दहा, त्यातून सात गेले, दोनशे तीन.

संख्यानामांची अडचण

मात्र हीच संख्यानामे दुसऱ्या बाजूने मुलास अडवितात. शंभरपर्यंतच्या बहुतेक नावांत एकक आधी आणि दशक नंतर येतो. लिहिताना क्रम उलटा होतो. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारे मूल प्रत्येक वर्गात भेटते. त्याचा पाढा बरोबर असतो, उत्तर मात्र चुकीचे म्हणून खोडले जाते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’च्या बरोबरीने ‘वीस एक’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला आणि विधिमंडळातही त्याची चर्चा झाली. त्या वादात बाजू कोणतीही घेतली तरी मूळ अडचण खरी आहे हे नाकारता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते रूढ नावे सोडू नयेत, परंतु पाढे शिकविण्यापूर्वी ‘साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असा दुवा वर्गात पुनःपुन्हा जोडून द्यावा. जुन्या पाढ्यांतील ‘बारा दाहे वीसाशे’ असा उच्चार घरातील आजी-आजोबांच्या तोंडून आला तर त्याचा अर्थ एकशे वीस, हेही सांगावे. नाहीतर मूल वीसशे समजून बसते.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारमधील भिल्ली बोलणाऱ्या मुलांची अडचण याहून मोठी आहे. मराठी संख्यानामे त्यांना बहुधा शाळेतच प्रथम भेटतात. अशा मुलास ‘सहा आठे अठ्ठेचाळीस’ ही ओळ म्हणजे एकाच वेळी अनोळखी भाषा आणि अनोळखी गणित. येथे चिंचोक्यांच्या ओळी, मण्यांच्या माळा आणि मुलाच्या घरच्या भाषेतील मोजणी यांपासून आरंभ करावा, उत्तर प्रथम अंकांत लिहू द्यावे, आणि मराठी नाव त्यानंतर जोडावे.

सराव आणि परीक्षण

समजले म्हणून पाठ झाले असे होत नाही. समजून घेतलेला पाढाही सरावानेच तोंडी बसतो, आणि पाठांतर हे हलके काम आहे अशी जी समजूत मध्यंतरी काही ठिकाणी रूढ झाली ती अनाठायी होती. फरक सरावाच्या पद्धतीत आहे. आठवड्यातून एकदा तासभर घोकण्यापेक्षा दररोज पाच-सात मिनिटे अधिक उपयोगी पडतात. एकच पाढा वीस वेळा लिहिण्यापेक्षा तो न पाहता आठवण्याचा प्रयत्न अधिक उपयोगी पडतो. आज शिकलेले उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने विचारावे. प्रश्न मधूनच आणि उलटसुलट विचारावेत. ‘छप्पन्न कशाकशाने होतात?’ हा प्रश्न ‘सात आठे किती?’ या प्रश्नाइतकाच आवश्यक आहे. भागाकाराची तयारी त्यातून होते.

दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, ही एरव्ही उणीव मानली जाते. पाढ्यांच्या बाबतीत ती सोय ठरू शकते. चौथीतील मुलांनी विचारावे, दुसरीतील मुलांनी चिंचोके मांडून उत्तर दाखवावे. विचारणाऱ्याचाही पाढा पक्का होतो. चुकलेल्या मुलास उभे करणे, हसणे, छडी दाखविणे या गोष्टींनी पाढा येत नाही. भेदरलेल्या मुलास येत असलेलेही आठवत नाही. घड्याळ लावावयाचेच असेल तर मुलाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्या कालच्या वेळाशी करावी.

घरच्या मंडळींनाही यात वाटा उचलता येतो, आणि तो पुस्तकी असण्याची गरज नाही. रोपांच्या ओळी, अंड्यांचे ट्रे, एस.टी.तील आसनांच्या रांगा, दारापुढील ठिपक्यांची रांगोळी या सर्व ठिकाणी पाढे मांडलेलेच आहेत. दशमान पद्धती आली तरी बाजारातील पाव किलो, अर्धा किलो आणि पाऊण किलो गेलेले नाहीत. साठ रुपये किलोचा कांदा पाऊण किलो घेताना आजी पाऊणकी म्हणून पंचेचाळीस सांगते. साठाचा पाव पंधरा आणि पंधरा त्रिक पंचेचाळीस, ही त्यामागची मांडणी तिने नातवंडाला तेथेच, तराजूसमोर, मोजून दाखवावी.